जुन्या लालमधला लाल

पाण्यात भिजलेला पॉलिश पेपर, कुत्र्याच्या कानासारखा मऊ.

दूध फ्रिजमध्ये ठेवायचं राहिलं.

बायको एकदा शिंकून कधी थांबायची नाही. आणि मग स्वतःवरच चिडायची.

लाल रंगाचा डबा.

गाडीच्या मागच्या दारावर, कडीच्या खाली, बोटभर ओरखडा.

तो गाडीपुढे पाटावर बसून दिवा घासत होता. घासायला लागलं की दिव्याची काच आधी आणखीच पांढरी होते — पिवळेपणा जातो पण धुकं येतं, आणि नवशिक्याला वाटतं, लावली आपण वाट. रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "काका, तिथे घाबरून थांबू नका. थांबलात तर आंधळीच राहील." म्हणून तो थांबत नव्हता, बारीक पेपर, पाणी, त्याहून बारीक, पुन्हा पाणी... मग फडक्यावर पॉलिश घेऊन गोल गोल, आणि धुक्यातून आतला बल्ब हळूहळू दिसायला लागला, स्वच्छ, जवळ, जशी त्या दिवशी आयसीयूच्या काचेपलीकडे ती — नको.

"भंगारात जायच्या गाडीचे डोळे कसले उजळताय, बाबा?" मुलीने चहाचा कप बॉनेटवर ठेवला.

"सराव. नंतर तुझ्या गाडीचे करीन."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही. काय प्रयोग करायचे ते या मेलीवर—" ती थांबली. कप उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "गाडीला म्हणतेय मी."

"कळलं गं."

"उद्या न्यायला येणारेत. आता पुढे ढकलू नका."

ढकलून तरी काय. गाडी बायकोची; चालवायची तीच. तो जन्मभर शेजारच्या सीटवर, जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबत बसलेला. बायको गेली आणि गाडी जिथल्या तिथे राहिली, उन्हात.

दिवे झाले. राहिलं दार. ओरखडा घासायचा, पुट्टी भरायची, वर रंग. फाटकाला घासून तिने तो पाडला होता, आणि चक्क नेलपॉलिशची बाटली विकत आणून त्यावर फासली होती. "गाडी आहे की नखं?" — हा विनोद त्याने आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवला. लोक हसायचे. तीही हसायची, हात पदराखाली घेऊन.

डब्यातला रंग गाडीच्या कलर कोडवरून बनवून आणलेला, तरी टपावर लावून पाहिला तर परका दिसला, भडक — गाडी घेतली त्या दिवसाचा लाल. आणि हे नेलपॉलिश... त्याने मान तिरकी करून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. वेगळं दिसत नाही. गाडीबरोबर तेही उन्हात फिकट होत गेलं, आणि कधीतरी, कुणाचं लक्ष नसताना, दोन्ही रंग एक झाले. फक्त बोटाला लागतं. थोडासा उंचवटा. एका जागी ब्रश दोनदा फिरवलाय — घाईत? की मी हाक मारली म्हणून मध्येच थांबून?

पेपर त्याच्या हातात होता. त्यातलं पाणी दारावरून ओघळत खाली गेलं. थांबलात तर आंधळीच राहील... घासलं तर? त्याने पेपर पुन्हा बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. चहावर साय धरली.

तिने नखांना कधीच रंग लावला नाही.