न मागितलेला पाळणा

मी एक जुना शिसवी पाळणा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. पाळण्यानं शांत असावं, बाळाला निजवावं, अशी लोकांची अपेक्षा असते. पण माझी हकीकत ऐका आणि मग मला दोष द्या.

माझा जन्म लोणी काळभोरचा. सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, उसाच्या शेतात सोनबांचं घर होतं. त्यांना पहिली मुलगी झाली, शालन. सोनबांनी वाळवून ठेवलेलं शिसवाचं लाकूड बाहेर काढलं आणि शंभू सुताराला अंगणात बसवून मला घडवून घेतलं. त्यानं माझ्या कठड्यावर वेल कोरली, वर गरगर फिरणारे लाकडी राघू बसवले. भावकी बघायला लोटली. कुणीतरी म्हणालं, "पोरीसाठी एवढा थाट?"

सोनबा म्हणाले, "पाळण्याला काय ठावं, आत पोरगं हाय का पोरगी?"

शालननंतर तिचा भाऊ जयसिंग माझ्यात निजला. त्याला झोका द्यायचं काम शालनचं. दोरी ओढता ओढता तिचाच डोळा लागायचा, झोका थांबायचा आणि जयसिंग भोकाड पसरायचा. मग ती दचकून उठायची आणि पुन्हा दोरी धरायची. तेवढे दिवस सुखाचे गेले.

पुढे शालनचं लग्न झालं. तिला कोथरूडला दिलं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली, वैष्णवी. ती परत निघाली तेव्हा सोनबांनी मला कड्यांवरून उतरवलं आणि टेम्पोत चढवलं. "तुझ्यासाठीच केला व्हता, घेऊन जा," म्हणाले. जयसिंग दारात उभा होता. तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मला टांगायला आढं नव्हतं. शालनच्या नवऱ्यानं छतात हूक बसवले. वैष्णवी मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो, जुन्या गाद्या आणि दिवाळीचा आकाशकंदील यांच्या मधोमध. त्यानंतर काही वर्षांनी लोणीला जयसिंगला मुलगा झाला, विश्वजीत. मला वाटलं, आता आपण घरी जाणार.

पण जयसिंग लोणीत म्हणाला, "मी मागायचा कशाला? तिला कळत नाही का? तिनं आपणहून आणायला पायजे."

आणि शालन कोथरूडात म्हणाली, "त्यांनी मागितला तर लगेच पाठवीन. न मागता पाठवला तर म्हणतील, अडगळ झाली म्हणून दिला."

दोघंही दुसऱ्याच्या एका शब्दाची वाट बघत राहिले. मला जर तोंड असतं ना, मित्रांनो, तर मी दोघांनाही खडसावलं असतं. विश्वजीत साडीच्या झोळीत वाढला. बारशाला आत्या म्हणून शालन गेली, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि न जेवता परतली. सोनबा गेल्यावर तर लोणीचा रस्ताच तुटला. भाऊबीज फोनवर होऊ लागली.

गेल्या वर्षी त्याच विश्वजीतला मुलगी झाली. बारशाची पत्रिका शालनच्या मोबाइलवर आली. तिनं मला माळ्यावरून काढलं, पॉलिश करून घेतलं, राघूंना नवा रंग दिला. वैष्णवी म्हणाली, "आई, त्यांना हवाय का, एकदा विचार तरी."

"विचारण्या-न विचारण्यातच वर्षं गेली," शालन म्हणाली. "आता नाही विचारत."

टेम्पो हडपसरच्या गर्दीतून पुढे निघाला तेव्हा माझ्या कड्या आनंदानं वाजत होत्या. जन्मगावी चाललो होतो! पण टेम्पो थांबला तेव्हा मला वाटलं, आपण चुकलो. ना घर, ना अंगण, ना गोठा. समोर मोठी कमान होती, तिच्यावर सोनबांचा हसरा फोटो आणि खाली त्यांच्याच नावानं, घरात त्यांना आबा म्हणत म्हणून, 'आबाश्री लॉन्स'. जयसिंगनं घर पाडून लग्नकार्यासाठी हिरवळ केली होती. कुटुंब हडपसरला टॉवरमध्ये राहायला गेलं होतं. जिथं सुतारानं मला घडवलं, तिथं जनरेटर धडधडत होता.

स्टेजवर स्टीलचा भाड्याचा पाळणा आधीच सजला होता, गुलाबी कागदी फुलांनी. विश्वजीत धावत आला. "आत्या, अगं कशाला एवढी तसदी? थीम पिंक आहे. हा मॅच नाही होणार."

मागून जयसिंग आला. माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "आत्ता आणलास व्हय, ताई? माझा लेक झोळीत वाढला. तवा कुठं होता ह्यो?"

"माळ्यावर. तू एकदा माग, म्हणून वाट बघत होते."

"भावानं मागायचं असतं व्हय?"

"मग बहिणीनं न विचारता गळ्यात मारायचं असतं?"

पाहुणे बघायला लागले तसं जयसिंग हसून म्हणाला, "चल, आधी जेवून घे." मला जनरेटरशेजारी ठेवलं. बारसं झालं. मी फक्त लाऊडस्पीकरवरून ऐकलं. शालन मला तिथंच ठेवून कोथरूडला परतली.

पुढं काय झालं ते सांगायचीही मला लाज वाटते. मला कमानीजवळ उभं केलं, माझ्यात प्लॅस्टिकची झेंडूची फुलं भरली आणि वर पाटी लावली, 'सेल्फी पॉइंट'. नवरे-नवऱ्या माझ्यापुढं ओठांचा चंबू करून फोटो काढू लागले. त्यातलाच एक फोटो फिरत फिरत शालनपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षातून उतरली ती थेट माझ्याकडं आली आणि मुठी भरभरून फुलं खाली टाकू लागली.

लॉन्सचा रखवालदार वैजनाथ आणि त्याची बायको द्वारका धावत आले. दोघं वाशिमकडून पोटासाठी आलेले, मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. द्वारकाच्या कडेवर तान्ही मुलगी होती.

"ही कुठं निजते गं?" शालननं विचारलं.

"पोत्यावर जी, खालीच."

"मग हा घेऊन जा."

"नाही जी बाई, मालक काय म्हणतीन?"

मालक ऑफिसातून आलेच होते. "ताई, हे काय चाललंय? ती आपल्या घरातली वस्तू हाय."

"घर?" शालनचा आवाज फाटला. "कुठाय घर? दाखव मला. मी माहेरी आलेय, जयसिंग. कुठं बसू, सांग."

जयसिंगनं हिरवळीकडं बघितलं, स्टेजकडं बघितलं. मग खिशातला फोन वाजत नसतानाही कानाला लावून तो निघून गेला. वैजनाथनं मला उचललं.

आता मी पत्र्याच्या खोलीत लोखंडी पाइपाला टांगलेला आहे. जमीन तीच, माझ्या जन्माची. माणसं मात्र दुसरी, आणि त्यांचं लेकरू माझ्यात रोज झोपतं. मी खूश असायला हवा. पण शालन द्वारकाला फोन करून बाळाची चौकशी करते, भावाला मात्र करत नाही. परवा जयसिंग खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. माझी दोरी हातानं चाचपली. मला वाटलं, आता बहिणीचं नाव घेईल. तर म्हणाला, "वैजनाथ, ही दोरी कुजलीय. तुटंल. नवी आणून देतो." आणि गेला. दोरी अजून आलेली नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, पाटी नको. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल, तर ज्याला गरज आहे त्याला देऊन टाका. आणि भावाबहिणीचा राग आला, तर तो त्यांना तोंडावर सांगा, भांडा, रडा. त्यांच्या एका शब्दासाठी अडून बसू नका. आम्ही लाकडाचे आहोत, लेकराचं वजन आम्हाला पेलतं. तुमचा अबोला पेलत नाही.