रक्तात तारीख नसते

मुलांनो, डोळे मिटा आणि चार माणसांचं एक जेवणाचं टेबल समोर आणा. एका टोकाला मला बसवा, दुसऱ्या टोकाला माझ्या यजमानांना. मंगळवारी दुपारी ते टेबल बावीस फूट लांब झालं.

आमच्या घरात एक रीत होती. जेवण झालं की हे लिमलेटची गोळी दातांनी फोडायचे आणि अर्धी मला द्यायचे. उष्टी. एकेचाळीस वर्षं. आमची सात वर्षांची नात शाल्मली मात्र मैत्रिणींना गोळी देताना ती फ्रॉकच्या घोळात धरून चावायची. चिमणीच्या दातांनी. तशी फोडली की गोळी उष्टी होत नाही.

मंगळवारी यांनी गोळी रुमालात धरून फोडली. टेबल तेव्हा लांबायला लागलं.

त्या सकाळी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. कमरेवर फोड आले म्हणून डॉक्टरीणबाईंनी हर्पीसची तपासणी करायला लावली होती. टाइप दोनसमोर, म्हणजे कमरेखालच्या प्रकारासमोर, आकडा होता १.३.

"एक पूर्णांक एकच्या वर गेलं की पॉझिटिव्ह म्हणतात," बाई म्हणाल्या. "पण इतका लहान आकडा पुष्कळदा खोटा निघतो. पक्की तपासणी करू."

"हा होतो कशाने?" यांनी विचारलं.

"बहुतेक शरीरसंबंधातून."

"आम्ही दोघंच आहोत."

"असाल ना. कधी आला, कोणाकडून आला, की आलाच नाही, हे हा कागद सांगत नाही. रक्तात तारीख नसते."

यांनी तरीही तो कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

बुधवारी टेबल भिंतीतून शेजारच्या पटवर्धनबाईंच्या हॉलमध्ये गेलं. बाईंनी पाय वर घेतले. "सावकाश हो, खाली रांगोळी आहे," एवढंच म्हणाल्या. खोली जितकी लांबली तितकी अरुंद झाली. गुरुवारी भिंती माझ्या दोन्ही खांद्यांना टेकल्या आणि मला खुर्चीतून उठता येईना. तिकडे यांचंही तेच झालं असावं. मीठ, पाणी, निरोप, सगळं शाल्मली टेबलावरून चालत नेऊ लागली.

"आबा विचारतात, नाशिकच्या शिबिरात तुझ्याबरोबर कोण कोण होतं?"

"सांग, माझ्यासारख्या बालवाडीच्या चाळीस बाया आणि एक आचारी."

ती गेली. परत आली तेव्हा तिचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता.

"आबा विचारतात, आचारी कसा होता?"

"म्हातारा. भातात मीठ विसरायचा. आणि त्यांना विचार, कोल्हापूरच्या बदलीत तीन वर्षं डबा कोण द्यायचं?"

या वेळी तिला फार उशीर झाला. जाताना तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. परतली तेव्हा ते पूर्ण उगवले होते.

"आबा म्हणतात, खानावळ. आबा रडत होते."

"रडत होते की शिंकत होते?"

"मला लांबून कळलं नाही, आजी. आणि मला आता चालायचा कंटाळा आलाय."

शनिवारी पटवर्धनबाईंनी टेबलावरून एक पाकीट माझ्याकडे सरकवलं. "तुमचं हे आमच्या दारात टाकलं होतं." पक्क्या तपासणीचा रिपोर्ट होता. मी बोट चिकटलेल्या कडेखाली घातलं आणि काढून घेतलं. ह्यात 'नाही' लिहिलेलं असलं, तरी रुमाल तर निघाला होताच.

"आबांना दे," मी शाल्मलीला म्हटलं. "म्हणावं, तुम्ही उघडा, नाहीतर उघडू नका."

ती पाकीट घेऊन निघाली. टेबलाच्या मध्यावर, जिथून आम्हा दोघांनाही ती बोटाएवढी दिसत असणार, तिथे ती थांबली. तिने पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावर मांडी घालून बसली. खिशातून लिमलेटची गोळी काढली. सवयीने फ्रॉकचा घोळ उचलला, पण तो आता पुरेना. तिने तो सोडून दिला आणि नव्या दातांनी गोळी तशीच फोडली. कट्‌ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

मग एकेका हातात अर्धी गोळी घेऊन तिने दोन्ही हात दोन बाजूंना पसरले, आणि ते लांब होऊ लागले. एक हात माझ्या ओठांपाशी येऊन थांबला. दुसरा अजून जात होता.