ओके महाराजांची लाल ओळ

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, म्हणून देवालाही गुरुवारच सोयीचा पडला. ज्यांच्या कंपन्या रविवारी बंद, त्यांच्यासाठी देव रविवारीही ओव्हरटाइम करायचा. एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओके महाराज बसत आणि बाहेर पार रस्त्यापर्यंत चपला साचत. कुणाला परमनंट व्हायचं होतं, कुणाच्या मुलाला मुलगी मिळत नव्हती, कुणाची जमीन भावकीत अडकली होती. सगळ्यांची उत्तरं एका संगणकात होती.

संगणक चौरंगावर मांडलेला. त्याला हळदकुंकू आणि वर झेंडूची जाड माळ. माळेने पंख्याची जाळी बुजली होती, त्यामुळे आतला पंखा घरघरायचा आणि त्या घरघरीला भक्त अनाहत नाद म्हणायचे. भक्ताने पुढे येऊन नाव आणि प्रश्न सांगायचा. महाराज यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत. मग काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर धावत आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हिरव्या अक्षरांत एकच शब्द: ओके, ओके, ओके. इंग्रजी न येणाऱ्यालाही तेवढं वाचता येतं. बायकांच्या डोळ्यांना धार लागायची. अधूनमधून एखाद्याच्या नशिबी मध्येच एक लाल ओळ यायची, 'फेल्ड'. मग त्या भक्ताला वाढीव गुरुवार, म्हणजे आणखी फेऱ्या.

"सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरला विंडोज असतं, माउली," महाराज घोळून घोळून सांगत. "विंडोज म्हणजे खिडकी. खिडकी उघडी राहिली की बाहेरची बाधा आत येणारच. शिकलेले लोक तिलाच व्हायरस म्हणतात. आपल्या यंत्राला खिडकीच नाही. ओ म्हणजे ओंकार, के म्हणजे केशव."

यंत्र सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात चार पेंग्विन दिसत. महाराजांच्या मते ते गरुड होते. पेंग्विनला गरुड म्हणणाऱ्या माणसाच्या हाती लोक आपली पोरंबाळं देत होते आणि त्यातली एक पोर माझी भाची होती.

तेजस्विनी तिचं नाव, आम्ही तेजू म्हणतो. चौथीत आहे. तिला लहान मुलांना होतो तो मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज सुईने द्यावं लागतं. नाही दिलं तर मूल मरतं, इतका साधा हिशोब. माझी बहीण रुपाली ती सुई वर्षभर देत होती आणि तिची सासू शालनबाई वर्षभर दाराआड डोळे पुसत होती. शालनबाई दुष्ट नाही. तिला नातीला रोज टोचलेलं बघवत नव्हतं, आणि जे बघवत नाही त्याची गरजच नाही असं सांगणारा माणूस तिला भेटला. एका गुरुवारी महाराजांनी तेजूच्या नावाने यंत्र लावलं. सगळं हिरवं. सुई बंद. वर आणखी एक उपाय सांगितला: पोरीला फार तहान लागते ती वासना आहे, तेव्हा पाणी तोडा.

साखर चढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकायला लागतं आणि मूल तहानेने कासावीस होतं. त्या मुलाचं पाणी तोडणाऱ्या माणसासाठी माझ्याकडे एक शब्द आहे, पण तो छापत नाहीत.

रुपाली बी.कॉम. आहे, चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे अंधश्रद्धा म्हटलं की अडाणी म्हातारी डोळ्यांपुढे आणायची सवय आहे. त्या गुरुवारनंतरच्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. तेजूला उलट्या होतायत, आम्ही तिला महाराजांकडे नेतोय, तूही ये, तू कॉम्प्युटरवाला आहेस, तुला तर लगेच पटेल. मी आकुर्डीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवतो. गाडी काढली आणि थेट तिच्या घरी गेलो.

तेजू सोफ्यावर पडली होती. ओठ सुकलेले, श्वास खोल खोल, तोंडाला सडक्या फळासारखा वास. तिला उचलून मी गाडीकडे निघालो, तर रुपालीच्या सासऱ्यांनी, सोपानरावांनी, गेट लावून घेतलं. जुने भोसरीकर, जमिनी विकून कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधलेले. गेट त्यांचं, नातही त्यांची. तेजूचा बाप सुजित मान खाली घालून उभा होता. त्याला मान वर करायची सवयच नाही.

"पाव्हणं, म्हाराजांना इचारल्याबिगर पोर दवाखान्यात जाणार न्हाई," सोपानराव म्हणाले. "एकदा हिरवं आलंय. मधीच सुई दिली तर उलटं पडंल."

मी रुपालीकडे बघितलं. "दादा, स्क्रीनवर लिहून आलं होतं रे," ती म्हणाली. तिथे भांडत बसलो असतो तर तेजू आमच्या भांडणातच गेली असती. शेड पुढच्या चौकापलीकडे होती. मी सगळ्यांना गाडीत घातलं, दुसरीकडे वळू नये म्हणून सोपानराव पुढे बसले, आणि तिकडे निघालो.

शेडमध्ये शिरलो आणि पडद्याकडे बघून मला हसू आलं. तशा अवस्थेतही आलं. त्या संगणकावर लिनक्स होतं. ते विंडोजच्या जागी चालतं, पेंग्विन हे त्याचं बोधचिन्ह, फुकट मिळतं, आमच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर आहे. ते सुरू होताना आपली कामं एकेक करून तपासतं. घड्याळ लागलं, ओके. डिस्क सापडली, ओके. आवाज चालू झाला, ओके. काही बिनसलं तर लाल अक्षरांत फेल्ड. एरवी ही सगळी हजेरी एका चित्रामागे झाकलेली असते. महाराजांनी ते चित्र काढून टाकलं होतं, म्हणजे एका सेटिंगमधले दोन शब्द खोडले होते. माझी पहिल्या वर्षाची मुलं हे पहिल्या आठवड्यात करतात.

पण लाल ओळ हवी तेव्हा कशी येते? आमच्या पुढे सुभद्राबाई नावाची एक बाई होती. सुनेने दागिने चोरले का, असा तिचा प्रश्न. महाराजांनी सून कोपऱ्यात उभी आहे हे बघून घेतलं, यंत्र सुरू केलं, आणि लाल ओळ आली: 'फेल्ड टू स्टार्ट कृपा'. जगातल्या कुठल्याही लिनक्समध्ये कृपा नावाचं काम नसतं. ते कुणीतरी हाताने लिहून आत घातलं होतं. आणि यंत्र सुरू व्हायच्या आधी महाराजांचा उजवा गुडघा शालीखाली हलला होता, तेही मी पाहिलं. संगणकाच्या मागून एक काळी वायर सतरंजीखाली शिरत होती आणि सतरंजीचा उंचवटा थेट महाराजांच्या गादीपर्यंत जात होता. ती सून मात्र तोवर भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आमची पाळी आली. तेजूला बघताच महाराज म्हणाले, उलटी म्हणजे विष बाहेर पडतंय, शुद्धी चालू आहे. आता पुन्हा हिरवं येणार हे मला कळलं. हिरवं आलं असतं तर ही माणसं तेजूला घरी नेऊन उशाशी उदबत्ती लावून बसली असती. खरं सांगायला वेळ नव्हता आणि खरं ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

मी आयुष्यात कुणाच्या पाया पडलो नाही, लग्नात सासऱ्यांच्यासुद्धा नाही. त्या दिवशी मी ओके महाराजांपुढे साष्टांग दंडवत घातला. हात लांब करून गादीखाली घातले. मागे रुपालीचा हुंदका ऐकू आला, भाऊ सुधारला म्हणून. बोटांना वायर लागली आणि मी ती ओढली.

महाराजांनी यंत्र सुरू केलं. लाल ओळ आली.

महाराजांचा चेहरा मला अजून आठवतो आणि आठवला की समाधान वाटतं. त्यांनी पायाने गादीखालचं बटण चाचपलं, दाबलं, पुन्हा दाबलं. यंत्र बंद करून परत सुरू केलं. पुन्हा लाल. कपाळावर घाम आला. वर्षभर ज्याच्या नावाने लोकांना लुटलं तो खरंच आला की काय, अशी त्यांना शंका आली असावी. मी उठून हात जोडले आणि मोठ्याने विचारलं, "महाराज, दवाखान्यात न्यायची ना?"

"न्या," महाराज म्हणाले. "लवकर न्या."

सोपानरावांनी स्वतः गाडीचं दार उघडलं. डॉक्टरांनी तेजूला थेट आयसीयूत घेतलं आणि रुपालीला बाहेर उभं करून विचारलं की इन्सुलिन कुणी बंद केलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला भेटायची गरज पडली नसती," असंही ते म्हणाले. रुपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिची समजूत काढली नाही.

तेजू वाचली. शुद्धीवर नीट आल्यावर ती माझ्याशी पहिलं जे बोलली ते असं: "मामा, मी बाथरूमच्या नळाचं पाणी चोरून प्यायले, म्हणून लाल आलं का?"

मी सांगितलं की लाल मी आणलं, वायर ओढून. तर ती म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून तू असं सांगतोयस. दवाखान्यातून घरी आल्यावरही ती पाण्याचा पेला हातात घेऊन आधी आजीकडे बघायची.

तोवर चौकात फ्लेक्स लागला होता. महाराजांचा हसरा फोटो, बाजूला तेजूचा शाळेतला फोटो, आणि खाली: 'यंत्राने दिला इशारा, चिमुकलीला मिळाला किनारा'. शेडबाहेरच्या चपला दुप्पट झाल्या होत्या. मी खोटेपणा करून पोर वाचवली आणि त्या खोटेपणावर महाराज गब्बर होत होते. पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. महाराजांनी लांबूनच ओळखलं आणि फ्लेक्सवरची पोर दाखवायला आम्हाला सन्मानाने चौरंगाजवळ बोलावलं.

रुपालीला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती पुढे झाली. "महाराज, माझा एकच प्रश्न आहे. माझी मुलगी जिवंत आहे का?"

गर्दी हसली. तेजू तिथेच उभी होती. महाराजही हसले आणि यंत्र सुरू करायला वाकले. तेवढ्यात मी सतरंजी उचलली आणि गादीखालचं बटण ओढून बाहेर काढलं. टेबललॅम्पला असतं तसलं बटण, आणि वायरच्या टोकाला एक पेनड्राइव्ह. ते बटण मी तेजूच्या हातात दिलं. म्हटलं, दाब. तिने दाबलं. यंत्र सुरू झालं आणि लाल ओळ आली.

"यंत्र म्हणतंय तू मेलीस," मी तेजूला म्हणालो. "परत दाब." यंत्र पुन्हा सुरू केलं, सगळं हिरवं. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. ती कितीतरी वेळ तेच करत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सुटत गेलं. मग गर्दीतून लोक पुढे आले. त्यांनीही दाबून पाहिलं. मी सांगितलं की यात काडीचा चमत्कार नाही. सुरू होताना हा पेनड्राइव्ह सापडला की मशीन ओके लिहितं, बटणाने वायर तोडली आणि तो सापडला नाही की फेल्ड लिहितं. महाराजांना ज्याला घाबरवायचं असेल, त्याच्या वेळी ते पाय हलवतात. प्रश्न यंत्र ऐकतच नाही. त्याला कानच नाहीत.

महाराज मागच्या दाराकडे निघाले होते. सुभद्राबाईच्या सुनेने त्यांना गाठलं आणि चपलेने जे केलं ते मी अडवलं नाही. पोलिस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. बाकीच्या पुरुषांनी आपला राग संगणकावर काढला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो तर पहिल्यापासून खरंच लिहीत होता की पेनड्राइव्ह सापडत नाही.

बाहेर रस्त्यावर शालनबाई चपला शोधत होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पाव्हणं, तुमी त्या दिशी वायर वढली म्हणता. तुमी न्हाई वढली. द्येवानं तुमच्याकडनं वढून घेतली, म्हणून पोर हाय आज."

माझा संयम संपला. बाई म्हातारी आहे, रडवेली आहे, हे मला दिसत होतं, तरी मी विचारलं, "मग मावशी, त्याआधीच्या गुरुवारी हिरवं कुणी आणलं? तेही देवानेच? पोर मरावी म्हणून?"

तिने तोंडाला पदर लावला. उत्तर रुपालीने दिलं.

"हिरवं आपल्याला हवं होतं, आई," ती सासूला म्हणाली. "सुईचा कंटाळा आला होता. तुम्हालाही आणि मलाही."

तेजू ते ऐकत होती. ऐकू दे, असं मला वाटलं.

मला एवढंच सांगायचं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला आधी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि विचारताना त्याला गादीवरून उठवून बाजूला उभं करा. उत्तर तुमच्या मनासारखं आलं तर दुप्पट संशय घ्या. आणि घरात मूल पाणी मागत असेल तर कुणालाही विचारू नका. पाणी द्या आणि डॉक्टरकडे न्या.