एक मिनिट सत्तावन्न

फिनलंडमधल्या कुओपिओच्या आइस-हॉकी हॉलमध्ये पेनल्टी बॉक्सचं दार लावायचं आणि उघडायचं, हे काम ऑस्मो हूस्कोनेन बारा वर्षं बिनबोभाट करत आला होता. बर्फावर कुणी आडदांडपणा केला की पंच त्याला बाहेर काढतो. तो येऊन काचेआडच्या बाकावर बसतो आणि दोन मिनिटं त्याचा संघ एक गडी कमी घेऊन झुंजतो. ऑस्मोनं दार लावायचं, हातातलं स्टॉपवॉच दाबायचं, दोन मिनिटं भरली की दार उघडायचं. आत बसलेल्याशी बोलायचं नाही. कुणी रडतं, कुणी आपल्या भाषेत आईमाई काढतं, कुणी काठी आपटतं. ऑस्मो ऐकून घेतो. रेल्वेच्या सिग्नलवर तेहतीस वर्षं काढलेला माणूस. चर्चचं घड्याळ मागे पडेल, पण ऑस्मोचं नाही पडायचं, असं गावात सगळे म्हणत.

ऑक्टोबरात त्याची बायको गेली. सेल्मा. दुःख झालं म्हणावं, तर तेही धड झालं नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला असून आपला राहत नाही, तसा तो अख्खाच झाला होता. जेवत होता, दाढी करत होता, अंगणातला बर्फ फावड्यानं ओढत होता. सकाळी सवयीनं दोघांची कॉफी करायचा आणि दुसरा कप मोरीत ओतून द्यायचा. ओततानाही काही वाटायचं नाही.

"मोजे कुठायत तुझे?" त्या रविवारी दुपारी केर्त्तूनं विचारलं. बॉक्सला लागून टेबल मांडून गोल आणि शिक्षा कागदावर उतरवणारी ही बाई. जीभ तिखट, पोटात माया.

"घातलेत की."

"हे? हे लग्नातले दिसतात. एक दिवस पायाची बोटं गळून पडतील, आणि ती पण मलाच कागदावर मांडावी लागतील."

"गार नाही वाटत."

"चार महिने झाले, तुला काहीच वाटत नाही. दहा जोड विणून ठेवलेत तिनं, लोकरीचे. मी या डोळ्यांनी बघितलेत."

ते मोजे कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. कप्पा ऑक्टोबरपासून उघडला नव्हता.

चार देशांच्या स्पर्धेचा तो शेवटचा सामना होता. फिनलंड विरुद्ध स्वीडन. जिंकेल त्याचा चषक. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्याकडून हरलं तर माणूस जेवतो तरी. स्वीडनकडून हरलं की आठवडाभर घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. तिसरा, शेवटचा डाव निम्मा सरला तेव्हा दोन-दोन गोल झाले होते. त्यात फळ्यावरचे शिक्षेच्या वेळेचे दिवे मधेच गेलेले, म्हणून शिक्षेची वेळ आता एकट्या ऑस्मोच्या हातातल्या घड्याळावर होती.

आणि नेमका त्याच वेळी रायमो लेस्किनेन बाहेर आला. लापिनलाह्तीचा पोरगा, तेवीस वर्षांचा, राष्ट्रीय संघात पहिल्यांदाच आलेला. आपल्या जिल्ह्याचा म्हणून सबंध हॉल त्याच्या नावानं ओरडत होता. स्वीडनच्या गड्याच्या पायात काठी घातली म्हणून दोन मिनिटं.

"दार लाव, काका," असं म्हणून तो बाकावर बसला. ओठ फुटला होता. ऑस्मोनं दार लावलं, घड्याळ दाबलं.

रायमो गुडघ्यांवर कोपरं टेकवून खाली बघत होता. बाहेर चार फिनिश गडी जिवाच्या आकांतानं गोल राखत होते, तिकडे त्याला बघवेना. एक मिनिट गेलं. मग त्यानं डोळे मिटले आणि गुणगुणायला लागला. भीती घालवायला माणूस गुणगुणतो तसं, स्वतःपुरतं.

ऑस्मोनं ते ओळखलं. बैठकीतलं गीत होतं.

या मुलखात दोनशे वर्षं शेतकऱ्यांच्या घरांत प्रार्थनेच्या बैठका भरतात. भिंतीलगत बाकं, मधे चुलीची ऊब. एक गीत, मग कुणाचं तरी निरूपण, पुन्हा गीत. गीत कुणी धरावं असा नेम नाही. ज्याच्या पोटातून येईल त्यानं सुरुवात करावी, बाकीच्यांनी मागून यावं. चाळीस वर्षं बहुतेकदा ते सेल्माच्या पोटातून यायचं. आणि या एका गीतात, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, गीतांच्या पुस्तकातली चाल खाली उतरते तिथं सेल्मा वर चढायची. कुणी शिकवलं नव्हतं. देवाला हाक मारायची तर खाली बघून कशी मारायची, असं म्हणायची. ती जागा घेऊन ती क्षणभर श्वासाला थांबे, आणि त्या थांबण्यात सगळं घर एका आवाजात आत शिरे. ऑस्मो तिच्याच शेजारी बसायचा. तिचा खांदा उचलला गेला की यानं तोंड उघडायचं, एवढंच त्याचं गाणं. ती गेल्यावर त्या ठिकाणी कुणी वर चढत नव्हतं. सगळे पुस्तकाप्रमाणे मुकाट खाली उतरत. आणि ऑस्मो तोंड मिटून बसायचा.

रायमो दुसऱ्या ओळीच्या शेवटी आला आणि वर चढला. तिथं थांबला.

ऑस्मोचा हात उठला. तोंड उघडायच्या जागी त्यानं दार उघडलं.

रायमो सुटलेल्या वासरासारखा बाहेर उसळला. खेळाची रबरी चकती नेमकी त्याच्या समोरून घरंगळत चालली होती आणि पुढं गोलरक्षकाशिवाय कुणी नव्हतं. सात-आठ ढांगा, एक हुलकावणी, आणि चकती जाळ्यात. हॉलचं छप्पर उडतं की काय असं झालं. केर्त्तू पेन टाकून नाचायला लागली. कुणाची तरी लोकरी टोपी काचेवरून येऊन ऑस्मोच्या खांद्यावर पडली.

ऑस्मो घड्याळ बघत होता. दार उघडताना बोट कळ दाबतं, ही बारा वर्षांची सवय. काटा थांबला होता. एक मिनिट सत्तावन्न.

स्वीडनचा कप्तान हातवारे करत पंचाकडे धावला. पंच नॉर्वेचा, धिप्पाड, दाढीत घाम साचलेला. तो सरकत बॉक्सपाशी आला आणि ऑस्मोला काहीतरी विचारलं.

"विचारतोय, पोराला सोडलंस तेव्हा वेळ भरली होती का," केर्त्तूनं सांगितलं. मग ओठ न हलवता, "भरली होती म्हण. दार कधी उघडलं ते कुणी बघितलेलं नाही. गोल दोन मिनिटांच्या नंतरच झालाय, माझा कागद चोख आहे. ऐकतोयस ना? तुझ्या शब्दावर आहे सगळं."

नियम सरळ होता. वेळेआधी सुटलेल्याचा गोल धरायचा नाही. त्यानं परत येऊन उरलेली वेळ बसायची. एवढा हॉल एका माणसाच्या तोंडाकडे बघत होता. मुठीतल्या घड्याळाची दुसरी कळ एकदा दाबली असती तर काटा शून्यावर गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. भीती वाटावी, लाज वाटावी, निदान छाती तरी धडधडावी, म्हणून ऑस्मो थोडा थांबला. काही आलं नाही. फक्त एवढं कळत होतं, की ही तीन सेकंदं सेल्माची आहेत. आणि सेल्माच्या नावावर खोटं कसं चालेल?

त्यानं मूठ उघडून घड्याळ काचेच्या फटीतून पंचापुढं धरलं.

"ऑस्मो!" केर्त्तू म्हणाली. "अरे देवा. ऑस्मो!"

पंचानं दोन्ही हात आडवे फिरवले. गोल रद्द. आधी हॉलला कळलंच नाही, मग कळलं. शिट्ट्या, शिव्या, आणि कागदी पेल्यांचा पाऊस.

"म्हाताऱ्या, स्वीडनचा राजा पदक पाठवेल हो तुला!"

"रेल्वेत असताना किती गाड्या आदळवल्यास रे?"

रायमो परत आला. बाकावर आदळला. डोळे लाल.

"तीन सेकंद, काका? तीन सेकंदांसाठी?"

"चूक माझी होती."

"मग गिळायची होती! पहिला गोल होता माझा. आई बसलीय वर."

बर्फावर पडलेले पेले दोन माणसं गोळा करत होती. खेळ सुरू व्हायला वेळ होता. आत बसलेल्याशी बोलायचं नाही, हा नियम ऑस्मोनं बारा वर्षांत मोडला नव्हता.

"ते गीत," तो म्हणाला. "कुठं शिकलास?"

"काय?" रायमोनं मान वर केली. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "आजीकडून. का?"

"दुसऱ्या ओळीला वर जातोस."

"आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. कुओपिओच्या कुणा बाईकडून आजीनं उचललं, कुठल्याशा बैठकीत." त्यानं ओठावरचं रक्त पुसलं. "का, चुकीचं आहे?"

"नाही," ऑस्मो म्हणाला. "पुस्तकात चुकीचं आहे."

मग शिट्टी झाली. ऑस्मोनं कळ दाबली, काटा सत्तावन्नवरून निघाला. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. त्यानं दार उघडलं. पोरगा गेला, जाताना दाराच्या कडेला हातमोज्यानं थाप मारून गेला. रागानं की कशानं, ते कळलं नाही.

शेवटच्या मिनिटात स्वीडननं गोल केला. चषक समुद्रापार गेला. बर्फावर दोन्ही संघ रांगेत उभे राहिले, जिंकलेल्यांचं राष्ट्रगीत वाजलं, आणि ऑस्मो रिकाम्या बॉक्समध्ये टोपी काढून उभा राहिला.

हॉलचा व्यवस्थापक पार्तानेन आला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त बोलता येत नव्हतं. "ऑस्मो, पुढच्या हंगामाचं, बघू आपण. जरा आराम... वय पण झालंय."

"बघा," ऑस्मो म्हणाला आणि बॉक्सची किल्ली त्याच्या हातात दिली. बारा वर्षं खिशात होती. तिच्या भारानं कोटाचा खिसा कायमचा ओघळला होता.

बस-थांब्यावर केर्त्तू त्याच्याशेजारी उभी राहिली. बोलायचं नाही असं ठरवून आली होती, पण तिच्यानं राहवेना.

"मूर्ख आहेस तू."

"हं."

"सेल्मानं हेच केलं असतं. तीही मूर्खच होती." तिनं नाक ओढलं. "का उघडलंस रे आधी? तू? तुझ्या हातून?"

ऑस्मोनं सांगायचा प्रयत्न केला. पोरानं ती जागा घेतली, म्हणाला. केर्त्तूही बैठकीतली होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. बस येईपर्यंत ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिली.

घरी आल्यावर ऑस्मोनं बूट काढले. खुर्चीत बसला. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. कॉफीचं पाणी ठेवायला उठला, तर तळव्यांत काहीतरी टोचत होतं. आधी त्याला वाटलं, मोज्यात खडा गेला. मोजा उलटा करून झटकला. खडा नव्हता. बोटं पांढरी पडली होती आणि दुखत होती. त्यानं ती हातांत धरून पाहिली. गार होती. चांगलीच गार.

तो आतल्या खोलीत गेला, कपाटापाशी वाकला आणि खालचा कप्पा ओढला. इतके दिवस बंद होता, अडकला. दोन्ही हातांनी ओढावा लागला. वरचीच जोडी करडी होती, टाचेला लाल पट्टा. पलंगाच्या कडेवर बसून त्यानं एक मोजा चढवला, मग दुसरा.

रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तो तसाच बसून राहिला, पाय एकमेकांवर घासत. मग दुसऱ्या ओळीचा शेवट त्यानं हलक्या आवाजात म्हणून पाहिला. पहिल्यांदा घसा खालीच उतरला, पुस्तकासारखा. त्यानं पुन्हा म्हटलं. वर गेला, आवाज फाटला, पण गेला. तिथं थांबला, श्वासापुरता.

मग उठून कॉफी ठेवली. एका माणसाची.