सहावा ठिपका

जपानमधल्या सेतोच्या कारखान्यात तात्सुओने बावीस वर्षं चिनीमातीच्या पट्ट्या केल्या. वीज दिली की अशी पट्टी किंचित लांबते, इतकी किंचित की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण पितळेच्या पत्र्याला चिकटवली की तीच पट्टी वाकते आणि अंधांच्या वाचनयंत्रातला ब्रेल लिपीचा एक ठिपका वर उचलते. तात्सुओची मुलगी चिहारु जन्मांध. अशाच यंत्रावर ती प्रकाशकासाठी पुस्तकं तपासायची. आता तिच्या यंत्रातल्या पहिल्या अक्षराचा सहावा ठिपका मेला होता. प्रकाशकाने सोमवारपर्यंत मुदत दिली होती, नाहीतर काम दुसऱ्याकडे. ओळीचं पहिलंच अक्षर चुकवणारा तपासनीस कोणाला हवा?

कारखान्याने हा माल बंद केला होता, तो घडवणारी यंत्रं भंगारात गेली होती. गरम तेलात बुडवून जबर वीज दिल्याशिवाय पट्टीला वाकायची अक्कल येत नाही. तशी शेवटची एक पट्टी तात्सुओने शुक्रवारी डबीत घालून घरी आणली. शनिवारी दुपारी तो गोंद घेऊन परतला, तर म्हातारे वडील, गिन्पेई, पट्टी हातात घेऊन दारातच उभे.

"अरे, हिच्यावर तेलाचा डाग होता! रात्री माझ्या पेल्यांबरोबर भट्टीत भाजून काढली. बघ, कशी लखलखतेय!"

तात्सुओने पट्टी हातात घेतली. एवढ्या आचेत पट्टीची सगळी अक्कल जाते. पण साठ वर्षं भांडी घडवलेल्या माणसाचा हात डाग दिसला की भट्टीकडेच वळणार. आगीला भिणारी चिनीमातीही असते, हे त्या घरात सांगायला हवं होतं आणि तात्सुओने ते सांगितलं नव्हतं. चूक त्याचीच होती.

तरी वेड्या आशेने त्याने पट्टी चिकटवली, तारा जोडल्या.

"'काकी' लिही," गिन्पेई म्हणाले. "आजच झाडावरून उतरवलीत ना ती नारिंगी फळं."

तात्सुओने लिहिलं. चिहारुने बोट ठेवलं. सहावा ठिपका जागचा हललासुद्धा नाही.

"काय गं, लागतंय का?" गिन्पेईंनी विचारलं.

"काकी!" चिहारु हसून म्हणाली. "अगदी स्पष्ट, आजोबा."

"मग! भट्टीचा हात लागल्यावर काय!" म्हातारे खुशीत फळं कापायला आत गेले.

चिहारुचं बोट तिथंच होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "'काकी' नाही, 'आकी' आलंय. शरद ऋतू."

जपानी ब्रेलमध्ये सहावा ठिपका नसला की 'का'चा 'आ' होतो.

"सोमवारी मी प्रकाशकांना काय सांगू?"

आतून सुरीचा आवाज येत होता. गिन्पेई विचारत होते, साल काढू की नको?