लसीकरणाची बस

त्या सकाळी आमच्या रंगाऱ्याला मी कच्चा खाणार होते. रंगवायची होती सामानाची खोली, आणि या बहाद्दराने वयस्कर लोकांच्या तपासणीची खोली रंगवून ठेवली. वर दात काढून म्हणतो, उद्यापर्यंत सुकेल. मग काय, एकाच खोलीत डावीकडे रक्तदाब आणि उजवीकडे बाळांचं लसीकरण. आरोग्य केंद्र कसलं, नुसता गोंधळ!

त्यात माझे सासरे, आमचे बाबा. जन्मभर बस चालवलेला, भारी गप्पिष्ट माणूस. पण सासूबाई गेल्यापासून खोलीबाहेर येईनात. बोलणं म्हणजे फक्त 'हं'. डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. तरी माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि नर्स असून मला काही करता येत नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना रक्तदाब तपासायला अक्षरशः ओढून आणलं होतं. पुन्हा येणार नाही, हे त्यांनी वाटेतच बजावलं होतं.

पहिल्या बाळाला सुई टोचली आणि बाकीच्यांनीही गळा काढला. एका जुळ्यांच्या आईला हात पुरेनात. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि एक बाळ सरळ आमच्या बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"आजोबा, जरा धरा हो."

बाळाने भोकाड पसरलं. आणि बाबांनी, काय सांगू, गाडी सुरू केली! घशातून घरघर, पहिला गिअर, दुसरा गिअर, वळणावर लांबलचक हॉर्न. बाळ रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग दुसरं जुळं चढलं. मग इतर आयाही बाळं घेऊन सरकू लागल्या, आणि शेजारच्या आजी न सांगता कंडक्टर झाल्या. मला हसू आवरेना, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

गोंगाट ऐकून डॉक्टरबाई आल्या. आता आपली खरडपट्टी, म्हणून मी आधीच रंगाऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी बाबांची बस पाहिली. यापुढे तपासणी आणि लसीकरण एकाच खोलीत ठेवा, एवढंच म्हणाल्या.

घरी जाताना बाबा माझ्यापुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबले.

"सूनबाई, पुन्हा कधी?"

"पुढच्या महिन्यात, बाबा."

"हं." चार पावलं गेले आणि वळले. "मधे कुणाला टोचत नाही का तुम्ही?"