ते आपोआप लागतं

पातेल्यावरचं झाकण खडखडलं तेव्हा ती भानावर आली. दूध कडेपर्यंत चढलं होतं. तिने गॅस बारीक केला, झाकण बाजूला सारलं आणि हातात फडकं धरून पुन्हा तशीच उभी राहिली. घरात परत सामसूम झाली.

"आज रविवार आहे," टेबलाशी बसलेला नवरा म्हणाला. "आज तरी टेक जरा."

"मी जाऊन येते."

कुठे, हे त्याने विचारलं नाही. आठवडाभर ती भरल्या ताटावरून तशीच उठत होती, ते तो बघत होता. त्याने कप खाली ठेवला.

"तुझे साहेब काय म्हणाले होते?"

"हॉस्पिटलच्या आसपासही फिरकायचं नाही म्हणाले."

"मग?"

"मग काय. जाते."

"नोकरी गेली तर?"

तिने गॅस बंद करून दूध उतरवलं. आपलं इथे काही चालणार नाही हे ओळखून तो म्हणाला, "खारूला कोण बघणार? मला दुपारची पाळी आहे."

"घेऊन जाते."

खारू म्हणजे त्यांची मुलगी. दात आल्यापासून दिसेल ते कुरतडायची, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. ती पलंगाखालून ओरडली, "मी येणार. माझे लाल बूट घालणार."

खारूची आई काम करत होती त्या शोरूममध्ये वेगाच्या गाड्या विकल्या जायच्या. जमिनीला पोट टेकवून बसलेल्या, सुरू झाल्या की शेजारच्या दुकानाच्या काचा थरथराव्यात अशा. तिने स्वतः त्यातली एकही कधी रस्त्यावर चालवली नव्हती. तिचं काम गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं. गिऱ्हाईक स्टिअरिंगमागे, ती शेजारच्या सीटवर, आणि तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "घ्या, आता तुमच्या हाताने सुरू करा." माणूस बटण दाबायचा, मागून गुरगुर उठायची आणि भल्याभल्यांचे चेहरे पोरासारखे व्हायचे. ते बघायला तिला फार आवडायचं. पगार यथातथाच होता, पण अशी शंभर पोरं आपण बघितली, असं ती नवऱ्याला सांगायची.

मग एकेक बटण. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण आलं की ती म्हणायची, "पायाने जास्त जोर दिला आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, तर गाडी स्वतःच जोर कमी करते. तुमचा पाय काही का म्हणेना. रस्त्यात हट्टी पोराचं मनगट धरून ठेवतो ना आपण, तसं. हे बटण दाबून धरलं तर ती मनगट सोडते. हौशी लोक मोकळ्या ट्रॅकवर सोडतात. तुम्ही याला हातच लावू नका. आणि लावलात तरी घाबरायचं कारण नाही. गाडी बंद करून परत सुरू केली, की ते आपोआप लागतं."

लोक हसायचे. मनगटाचा दाखला तिचा स्वतःचा होता. साहेबांनाही तो आवडायचा.

गाडी तिच्याकडे येण्याआधी वर्कशॉपमध्ये मामा ती रोलरवर चढवायचे. मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा, पांढऱ्या भुवयांचे, एका कानाने कमी ऐकणारे. रोलरवर मागची चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. गाडीला वाटतं आपण घसरतोय, आणि ती जोर तोडून टाकते. म्हणून मामा आधी ते बटण दाबून धरायचे, समोर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र पेटलं की मगच तपासणी सुरू. तपासणी झाली की गाडी पुढे आणून लावायची आणि बंद करायची. ती गिऱ्हाइकाकडून सुरू करून घ्यायची तेव्हा ते चित्र आपसूक विझलेलं असायचं. मामांनी ते कधी हाताने विझवलं नाही, तिने कधी तपासलं नाही. काय गरज होती? ते आपोआप लागतं.

त्या दिवशी गाडी बंदच केली नाही.

साहेब म्हणाले, "राहू दे सुरू. डॉक्टर आलेतच. आत येतानाच आवाज कानावर पडू दे."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, मध्यमवयीन, गोल चेहऱ्याचे, बोलता बोलता समोरच्याच्या दातांकडे बघणारे. बरोबर बायको. ती गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या दाढा उपटल्या आणि त्यातून ही सवत आणली."

"सवत कसली, तुझीच सोय आहे," डॉक्टर म्हणाले. "भाजीला जात जा यातून."

"मेथीच्या जुड्या ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

सगळे हसले. तीही हसली. डॉक्टर आत बसले तेव्हा इंजिन चालूच होतं, म्हणून तिचं पहिलं वाक्य राहून गेलं. पुढचं सगळं तिने सांगितलं. मनगटाचंही सांगितलं. "तुम्ही याला हातच लावू नका," म्हणाली, "ते लागलेलंच असतं." आणि हे म्हणताना समोर ते पिवळं चित्र पेटलेलं होतं. मामा प्रत्येक गाडी पुढे आणून लावायचे तेव्हा ते पेटलेलं तिने काचेतून रोज बघितलं होतं. डोळ्यांना सवय झाली की समोरचंही दिसेनासं होतं. मग ती उतरली, डॉक्टरांची बायको तिच्या जागी बसली, ओढणी आत घेतली, दार लागलं. तिने हात हलवला.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर दुभाजकातल्या झाडांना पाणी घालून टँकर नुकताच पुढे गेला होता. डॉक्टरांनी जोर दिला असेल, कुणीही नव्या गाडीत देतो तेवढाच. गाडी गरकन फिरली आणि डावी बाजू खांबावर आदळली. डॉक्टरांच्या कपाळाला टाके पडले. त्यांची बायको कमरेखाली लुळी पडली.

गाडी तपासायला आलेल्या माणसांनी सांगितलं, कंट्रोल बंद होता. डॉक्टरांना त्या दिवसाचं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. ते म्हणाले, मग मीच दाबलं असणार. झालं, विषय मिटला.

तिच्या डोक्यात मात्र त्या रात्री लख्ख उजाडलं. सकाळी ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. ऐकताना ते दोनदा पाणी प्यायले.

"तू म्हणतेस तसं झालं असेल," ते म्हणाले, "आणि नसेलही. त्यांनी खरंच दाबलं असलं तर? तू होतीस का गाडीत? उगाच स्वतःच्या गळ्यात धोंड बांधून घेऊ नकोस. तुझ्या बोलण्याने त्या बाईंचे पाय परत येणार आहेत का?"

ती वर्कशॉपमध्ये गेली. मामा रोलरच्या कडेला पालथ्या डब्यावर बसले होते. तिने काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "गेलीस तर माझं नाव सांग. तुझं नको. तुझी पोर लहान आहे."

पाय परत येणार नव्हते. पण दुसरं एक होतं, तेच तिला आतून पोखरत होतं. हॉस्पिटलातली एक नर्स तिच्या ओळखीची होती. तिने सांगितलं होतं की डॉक्टर दिवसभर बायकोच्या उशाशी असतात आणि ती त्यांच्याशी अवाक्षर बोलत नाही. ते पाजतात तेव्हा पाणी पिते, एवढंच. निदान तो अबोला तरी आपण मोडून काढू. निदान त्या माणसाला त्याची बायको परत मिळू दे.

वॉर्डच्या दाराशी फिनेलचा वास होता. खारू लाल बुटांनी फरशीच्या फक्त पांढऱ्या चौकोनांवर पाय ठेवत चालत होती. डॉक्टर दाराशेजारच्या बाकावर मोसंबं सोलत बसले होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यांनी तिला ओळखलं आणि उठून उभे राहिले, जणू चूक त्यांचीच होती.

"अहो, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? ही मुलगी का? काय गं, दात दाखव बघू."

खारूने दात दाखवले. डॉक्टर वाकून बघत राहिले. "छान आहेत," म्हणाले.

"मला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "ताईंच्या समोरच."

आत कोपऱ्यातल्या पलंगावर डॉक्टरांची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. पांघरुणाखाली तिचे पाय अगदी सरळ, शेजारी शेजारी होते, कुणीतरी नीट लावून ठेवल्यासारखे. आईने खारूला आपल्या शेजारी उभं केलं. घरातून निघताना वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. जसं आठवेल तसं बोलत गेली. रोलर, पिवळं चित्र, सुरू ठेवलेलं इंजिन. मामांचं नाव तिने घेतलं नाही.

"सर, ते बटण तुम्ही दाबलंच नाही. ते आधीपासून बंद होतं. मी शेजारीच बसले होते आणि मी बघितलं नाही. सॉरी, ताई. चूक माझी आहे. यांची नाही."

मग बायकोने मान वळवली. तिच्याकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं.

"ह्यांना पढवून आणलंत?"

"अगं, मी बोलावलंसुद्धा नाही यांना," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला सगळं दाबून बघायची खोड आहे. लिफ्टमध्येसुद्धा सगळ्या मजल्यांची बटणं दाबता. लग्न झाल्यापासून बघतेय मी." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "नुसतं हो म्हणाला असतात ना, तरी चाललं असतं. पण परक्या बाईला उभी करायची? तीही लेकुरवाळी?"

"ताई, शपथ घेऊन सांगते—"

"बाई गं, तू घरी जा. तुझी मुलगी दमलीय."

आणि तिने परत भिंतीकडे तोंड केलं. खारूची आई पलंगाचा गार लोखंडी दांडा धरून उभी राहिली. आणखी काय सांगायचं, कुठल्या शब्दात सांगायचं? खरं तेवढं सगळं सांगून झालं होतं. जवळ आणखी काही उरलंच नव्हतं.

डॉक्टर तिला बाहेर जिन्यापर्यंत सोडायला आले. हातात अर्धं सोललेलं मोसंबं तसंच होतं.

"सर, तुम्ही तरी विश्वास ठेवा," ती म्हणाली. "गाडी बंद झालीच नव्हती त्या दिवशी. जरा आठवून बघा. तुम्ही बसलात तेव्हा इंजिन चालू होतं की नाही?"

डॉक्टरांनी डोळे मिटून प्रयत्न केला. खरंच केला, ते तिला दिसलं. मग त्यांनी मान हलवली.

"काही आठवत नाही हो. तुमचं ते मनगटाचं तेवढं आठवतं. तुम्हीच म्हणालात ना, बटण कुणी दाबून धरल्याशिवाय ती मनगट सोडत नाही. मग कुणीतरी धरलंच असणार. गाडीत आम्ही दोघं. ही तर कशाला हात लावत नाही." ते हसल्यासारखं काहीतरी करू बघत होते. "तुम्ही फार भल्या आहात. दुसऱ्याचं असं अंगावर कोण घेतं? पण नका घेऊ. माझं मला राहू दे. आणि ही बोलली ना आज. इतक्या दिवसांनी एवढी बोलली."

त्यांनी मोसंब्याच्या फोडी खारूच्या ओंजळीत ठेवल्या. "थँक्यू," ते तिच्या आईला म्हणाले. "मनापासून." आणि चपला ओढत वॉर्डकडे परत गेले.

जिना अरुंद होता, वर येणाऱ्यांना वाट द्यावी लागत होती. ती भिंतीला लागून एकेक पायरी उतरत होती. जिन्याच्या वळणावर खारू थांबली. तोंडातली फोड तिने एका गालात सारली, आईचा हात ओढला आणि विचारलं,

"आई, तू त्यांना सॉरी म्हणालीस ना? मग काका थँक्यू का म्हणाले?"